सात माणसांची गाडी आणि एक गप्प पोरगी

या आठवड्यात सोलापूरहून एका आईचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मोठी मुलगी बारावी सायन्स झाली. इंजिनिअरिंगच्या सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, ९३ पर्सेंटाइल आले. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेजं बघून येऊ म्हणून यजमानांनी तीन दिवसांचा बेत केलाय. भाऊजींची सात सीटची गाडी, चालवणार तेच. पुण्यात सीओईपी आणि आणखी तीन कॉलेजं, मग कराड, मग सांगली. जाताना जेजुरी, येताना पंढरपूर. आम्ही चौघं, सासूबाई, भाऊजी, जाऊबाई. भाऊजी बँकेत आहेत, त्यांना साहेबलोकांशी बोलायला जमतं. यजमान दहावी शिकलेत, अक्कलकोट रोडला आमचे चार माग आहेत, टॉवेलचे. मुलगी म्हणते, 'तुम्ही सगळे जावा की, मी घरी थांबते.' यजमान भडकले, 'हिच्यासाठी धंदा बंद ठेवून निघालोय आणि हिलाच नको!' दोन दिवस बापलेकीचं बोलणं बंद आहे. जाऊबाई म्हणतात गावात कॉलेज असताना बाहेर कशाला. त्यांच्या मुलाला मागच्या वर्षी ९८ होते. जायचं रद्द करू का? आणि एक विचारते, हसू नका. बारावीनंतर माझं लग्न झालं, कॉलेजची पायरी मी चढले नाही. मी गेले तर मला आत सोडतील का?"

ताई,

रद्द करू नका. पण हा बेत मोडा आणि दुसरा करा.

तुमची मुलगी आळशी नाही की उर्मट नाही. तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. एक, गाडी भाऊजी चालवणार. दुसरं, त्यांच्या मुलाला ९८ होते. तीन दिवस, सातशेच्या आसपास किलोमीटर, मागच्या सीटवर ती आणि पुढच्या सीटवर ते ९८. त्यांच्या मनात काही वाईट नसेल, माणूस कदाचित लाखमोलाचा असेल. पण प्रत्येक कॉलेजच्या गेटवर "हिला किती आहेत?" असा प्रश्न येणार आणि सात माणसांपुढं उत्तर तिला द्यावं लागणार. मी तिच्या जागी असते तर मीही घरीच थांबले असते.

माझ्या घरी हे झालंय म्हणून इतकं ठामपणे लिहिते. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही पाचजण एका रविवारी पुण्याजवळचं एक कॉलेज बघायला गेलो. काचेचा दिवाणखाना, कुंड्या, चहा-बिस्किटं. लॅबला कुलूप होतं, "सोमवारी उघडतात" म्हणाले. तिचे मोठे काका बोलत होते, आम्ही माना डोलवत होतो, आणि गाडीत बसतानाच प्रवेश ठरला. मुलींचं हॉस्टेल कॉलेजपासून अकरा किलोमीटर लांब आहे आणि संध्याकाळी सातनंतर तिकडं बस नाही, हे आम्हाला कळलं ते फी भरून झाल्यावर. ती वर्षभर एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तापानं फणफणली तेव्हा सगळं बाहेर आलं. मी तिला त्या रविवारी एकदाही विचारलं नव्हतं, "तुला कसं वाटलं गं?" ते माझ्या मनातून आजही जात नाही.

तेव्हा सुरुवात घरातून करा. यादी यजमानांनी नाही, मुलीनं करायची. मागच्या वर्षीच्या कॅपच्या कट-ऑफच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. त्या उघडून तिला आणि यजमानांना एका टेबलाशी बसवा. सीओईपीची कॉम्प्युटर शाखा ९९ च्या वरच संपते. ९३ वाल्या मुलीला ते कॉलेज दाखवायला नेणं म्हणजे तिला तिचे कमी पडलेले मार्क दाखवायला नेणं. ते १८५४ चं कॉलेज आहे, मोठं नाव आहे, कधीतरी अभिमानानं जरूर बघा. या फेरीत नको.

याद्या वाचताना लहान अक्षरांकडं लक्ष द्या. कोडच्या सुरुवातीला 'एल' असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. शेवटी 'एच' असेल तर त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांची, 'ओ' असेल तर बाहेरून येणाऱ्यांची, 'एस' असेल तर राज्यपातळीवरची. आपण सोलापूर विद्यापीठाचे, म्हणून पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांसाठी तुम्हाला 'ओ'ची रांग बघावी लागेल. खूप घरं चुकून 'एच'चा आकडा बघतात आणि मग कॅपच्या फेरीचा निकाल लागला की रडारड होते. एवढं केलं की सहा-सात नावांतून तीन उरतील. तेवढीच बघा.

आणि पहिलं कॉलेज गावातलंच बघा. अशोक चौकातलं वालचंद, डब्ल्यूआयटी. १९८३ पासून तिथं आहे, तुमच्या घरातल्या प्रत्येकानं रिक्षातून शंभरदा बाहेरून पाहिलं असेल, आत कितीजण गेलेत? जाऊबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. गावात राहून शिकणं हा कमीपणा नाही, घरचं जेवण आणि हॉस्टेलचा वाचलेला खर्च ही खरी गोष्ट आहे. पण ती निवड असावी. "पोरीला बाहेर कशाला पाठवायचं" म्हणून गळ्यात पडलेली नसावी. आत जाऊन, वर्ग बघून, तिथल्या मुलींशी बोलून तिनं ते यादीत वर ठेवलं तर आनंदानं ठेवू द्या. खाली ठेवलं तरी कारण तिच्याकडं असेल, आणि ते जाऊबाईंना तीच सांगेल.

सासूबाईंना या अशोक चौकाच्या फेरीला न्या. वय झालेल्या बाईला तीन दिवस गाडीत कोंबून, दर दोन तासांनी बाथरूम शोधत फिरवणं हे तिच्यावरचं प्रेम नव्हे. नात शिकायला कुठं जाणार हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय, हे मला कळतं. एक कॉलेज नीट, सावकाश, बाकावर बसत बसत दाखवा. आणि जिथं प्रवेश होईल तिथं सामान पोचवायच्या दिवशी त्यांना आवर्जून न्या. तो दिवस आजीचा असतो.

जेजुरी आणि पंढरपूर यातून काढा. रागावू नका. कॉलेजची कचेरी दुपारी जेवणाला बंद होते, चार-साडेचारला आवरायला लागते, आणि दर्शनाची रांग तुमच्या हातात नसते. त्यात आषाढीचे दिवस असले तर पंढरपूरच्या आसपासचे रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात. प्रवेश झाला की तुळजापूरला जा, तासाभराच्या वाटेवर आई आहे. सगळे जा, भाऊजींच्याच गाडीनं.

आता पुणे. तिघंच जा, तुम्ही, यजमान आणि मुलगी. धाकट्याला आजीजवळ ठेवा. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते, साडेदहापर्यंत पुण्यात, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत. मुक्काम नको, लॉजचा खर्च नको. शनिवार-रविवार टाळा, सुट्टी नसलेला दिवस धरा. एका दिवसात दोन कॉलेजं, तिसरं नाही. यादीत मुलींचं कॉलेज असेल तर त्यातलं एक ते ठेवायला हरकत नाही. कर्वेनगरचं कमिन्स १९९१ पासून फक्त मुलींसाठी चालतंय. यजमानांच्या मनातली धाकधूक कदाचित तिथं थोडी बसेल. पण ते तिच्या कट-ऑफमध्ये बसत असेल तरच, आणि तिला हवं असेल तरच. सांगली बघायची असेल तर तो वेगळा दिवस, मंगळवेढा-सांगोला मार्गे. तिथलं वालचंद १९४७ चं, आणि ज्यांच्या नावाचं ते आहे ते वालचंद हिराचंद आपल्याच सोलापुरात जन्मलेले. तिथंही आधी कट-ऑफ बघा, मग पेट्रोल टाका.

यजमानांबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय, कारण मला वाटतं खरी गाठ तिथं आहे. ते भाऊजींना का नेतायत? कचेरीत बोलायला. चार माग चालवणारा, दोरा तुटल्याचा आवाज झोपेत ओळखणारा माणूस कॉलेजच्या पायरीवर स्वतःला अडाणी समजतोय. त्यांचा तो राग मुलीवरचा नाही हो. आपण तिच्या काही उपयोगाचे नाही, या भीतीचा तो आहे. त्यांना सांगा, प्रवेशाच्या खिडकीवर मराठीच बोलतात. आणि त्यांना एक काम द्या जे भाऊजींना जमणार नाही. पहिल्या वर्षी बहुतेक शाखांच्या मुलांना वर्कशॉप असतं. ते बघायला त्यांना पाठवा. लेथवर धूळ आहे की ताजं तेल, पट्टे झिजलेत की नवेकोरे पडून आहेत, जमिनीवर लोखंडाचा किस आहे का. मशीन रोज चालतं की फक्त तपासणीच्या दिवशी, हे त्यांच्या डोळ्यांना एका मिनिटात कळेल. नॅक आणि एनबीए या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्था. नॅकचा दर्जा पूर्ण कॉलेजला असतो, एनबीएची मान्यता एकेका शाखेला, ते मुलगी बघेल. वर्कशॉप बाप बघेल. येताना गाडीत त्यांना काय दिसलं ते तिला सांगू द्या. बोलणं तिथं सुरू होईल, माझा शब्द.

मुलीला मात्र प्रत्येक ठिकाणी तासभर एकटी सोडा. तुम्ही दोघं गेटबाहेर चहा घ्या. तिनं कॅन्टीनमध्ये जावं, सोलापूरच्या, बार्शीच्या, पंढरपूरच्या मुली शोधाव्यात, कुठंही सापडतात. सर किती वाजता येतात ते विचारावं, आणि येतात का तेही. लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी, पहिल्या वर्षाला हॉस्टेल नक्की मिळतं की अर्ज करून वाट बघायची, पाणी किती वाजता येतं, मेसमध्ये जेवण कसं. शक्य असेल तर हॉस्टेलपासून बसस्टॉपपर्यंत तिनं चालून बघावं आणि दिवे आहेत का ते मोजावं. आल्यावर तिची उलटतपासणी घेऊ नका. ती आपणहून बोलेपर्यंत थांबा. दौंड येईपर्यंत बोलेल.

पैशाचं दोन वाक्यांत, कारण हे तुम्ही विचारलं नाही पण रात्री झोप यावरूनच उडत असणार. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल आणि मेस त्यात येत नाही, तो हिशोब वेगळा मांडा, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेवा. गेटबाहेर कुणी "मॅनेजमेंटची सीट धरून देतो, आज एवढे टोकन द्या" म्हणालं तर यजमानांनी तिथूनच पाठ फिरवावी. पावती नसलेला एक रुपया द्यायचा नाही. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

हे सगळं फॉर्म भरायच्या आधी का, तर पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत नशीब अजमावता येत नाही. पहिला क्रमांक भाऊजींच्या सल्ल्यानं किंवा शेजारच्या काकूंच्या ऐकीव माहितीवर टाकायचा नाही. तो तिच्या हातानं टाकला जाऊ दे, तुम्ही दोघं शेजारी बसून.

भाऊजींना कसं सांगायचं? यजमानांनी स्वतः सांगावं, "दादा, रेल्वेनं एका दिवसात जाऊन येतो, ऑप्शन फॉर्म भरताना तू जरा तपासून दे." ते बँकेतले, कागद त्यांना चांगला कळतो. त्यांचा मान राहील आणि कामही होईल. मुलीला आज रात्रीच, भांडी आवरताना, एवढंच म्हणा, "काकांची गाडी रद्द. तू म्हणशील ती कॉलेजं, आपण तिघंच. तू बघ, आम्ही सोबत येतो." उत्तराची घाई करू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न. मी हसले नाही, ताई. पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

सोडतात. गेटवर वही असते, नाव, गाव, कुणाला भेटायचं, सही. तुमचं नाव यजमानांना लिहू देऊ नका, तुम्ही लिहा. मुलगी तिच्या तासभराच्या फेरीला गेली आणि यजमान वर्कशॉपकडं वळले की ग्रंथपालांना विचारून लायब्ररीत जा. एखाद्या रिकाम्या खुर्चीवर बसा, समोर जे पुस्तक असेल ते उघडा. कुणी काही विचारलं तर सांगा, मुलीसाठी कॉलेज बघायला आलेय. कुणी उठवणार नाही.