अलिबागजवळ परसात बाकला (ब्रॉड बीन, शेंगांचं पीक) लावलाय. शेंड्यांवर काळा मावा चिकटलाय आणि फुलं गळतायत. काय करू?

आधी मावा, कारण तो आठवडाभरात सगळा वाफा खातो. शेंड्याची वरची चार बोटं सरळ खुडून टाका. मावा कोवळ्याच जागी बसतो, त्यामुळे निम्मा तिथेच संपतो. खालच्या शेंगांचं त्यात काही बिघडत नाही. खुडलेलं मात्र वाफ्यात टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्यावर पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा.

मग खोड बघा. मुंग्यांची रांग वर चढत असेल, तर माव्याचा गोड चिकटा त्या चाटतायत आणि बदल्यात त्याची राखण करतायत. बुंध्याभोवती राख टाकली की काही दिवस तरी त्या अडतात. दव पडलं की पुन्हा टाकायची.

माव्यात काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली तर हात लावू नका. ती लेडीबर्ड या ठिपकेवाल्या भुंग्याची पिल्लं, मावा खाऊन वाढणारी. मी पहिल्या वर्षी ती वेचून वेचून चिरडली होती आणि वर मावा का वाढतोय म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो!

एवढ्यावर भागलं नाही तर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, किंचित साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. युरिया अजिबात नको. मुळांच्या गाठींतून नत्र मिळतंच, आणि जास्त नत्राच्या लुसलुशीत पाल्यावर मावा आणखी तुटून पडतो.

फुलांचं मात्र औषध नाही. बाकला थंडीचं पीक, बिहार-उत्तर प्रदेशात रब्बीत होणारं. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी तिशीपार जातं, त्या उन्हात त्याची फुलं टिकत नाहीत. दुपारी सावली धरलीत तर चार शेंगा जास्त मिळतील, इतकंच.

पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात कडवे वाल लावून बघा. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर, नोव्हेंबरात टोकायचे. मावा त्यांच्यावरही येतो, उपाय हेच. शिवाय शेंग पोखरणारी अळी येते. शेंगेला गोल भोक दिसलं की ती शेंग तोडायची. वाफ्यात दोन-चार काठ्या रोवा, कोतवाल पक्षी त्यांवर बसून बऱ्याच अळ्या टिपतो. शेंगा भरल्या की भांबुर्डीचा (एक रानटी, वासाचं झुडूप) पाला आणि एक मडकं तयार ठेवा, पोपटीला, म्हणजे मडक्यात पाल्यासोबत शेंगा भाजायला.