ध्रुवीय बर्फाखालचे सूक्ष्म प्राणी: प्रश्न थंडीचा कमी, अन्नाचा अधिक

ताई, नववीतील आपल्या मुलाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. ध्रुवीय बर्फाखाली समुद्राच्या तळाशी राहणारे बारीक प्राणी गोठून का जात नाहीत, ते खातात काय, आणि हा बर्फ नाहीसा झाला तर त्यांचे भले होईल की वाईट? वर एका सदस्यांनी तिथे जीवाणूंखेरीज काही असूच शकत नाही, असे उत्तर दिले आहे. ते बरोबर नाही, आणि मुलाने ते तक्त्यावर उतरवून घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी बडोद्यातच बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, आणि चिखलात राहणारे सूक्ष्म प्राणी हा माझ्या कायमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी बर्फाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. समुद्राचेच पाणी गोठून जो थर तयार होतो, तो समुद्री बर्फ. तो साधारणपणे एक ते तीन मीटर जाड असतो, त्यातून थोडाफार उजेड खाली झिरपतो, आणि त्याचा मोठा भाग उन्हाळ्यात वितळतो. दुसरा प्रकार आइस शेल्फचा. जमिनीवरची हिमनदी सरकत समुद्रात उतरते आणि तिचा पुढचा भाग पाण्यावर तरंगत राहतो. त्याची जाडी शेकडो मीटर असते आणि त्याखाली उजेडाचा कणही पोहोचत नाही. अंटार्क्टिकातील रॉस आइस शेल्फ आकाराने जवळजवळ फ्रान्सएवढे आहे.

आता थंडीविषयी. समुद्राच्या पाण्यात दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यामुळे ते शून्य अंशाला न गोठता उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. बर्फाखालचे पाणी याहून फारसे थंड होऊ शकत नाही, कारण त्याहून थंड होण्याआधी त्याचाच बर्फ होतो. तळाशी राहणाऱ्या कृमी, कवचधारी आणि स्पंजवर्गीय प्राण्यांच्या शरीरातील द्रवात क्षारांचे एकूण प्रमाण बाहेरच्या समुद्राइतकेच असते, म्हणून भोवतालचे पाणी जोवर द्रव आहे तोवर तेही गोठत नाहीत. त्यांना त्यासाठी वेगळी युक्ती करावी लागत नाही. खरी अडचण माशांची आहे. त्यांचे रक्त समुद्राहून बरेच कमी खारट असल्यामुळे ते उणे एक अंशाच्या आतबाहेरच गोठायला हवे. अंटार्क्टिकातील मासे यातून कसे वाचतात, याचा उलगडा आर्थर डीव्रीस यांनी १९६० च्या दशकात मॅकमर्डो सामुद्रधुनीत केला. त्या माशांच्या रक्तात बर्फाच्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखणारी प्रथिने असतात. वाचनात येणारी ‘गोठणरोधक प्रथिनां’ची गोष्ट ही या माशांची आहे. आपल्या मुलाचे प्राणी त्यात येत नाहीत.

थंडीचा त्रास होतो तो उथळ पाण्यात. तिथे तळावरच बर्फाचे स्फटिक धरतात आणि त्यात सापडलेले प्राणी तळापासून उपटून वर नेले जातात. पॉल डेटन यांनी मॅकमर्डोत दाखवून दिले की हा बर्फ साधारण ३० मीटर खोलीपर्यंत धरतो, आणि त्याच्या खालीच मोठे, दीर्घायुषी स्पंज सुखाने वाढतात. त्याहून खोल तळावर तापमान वर्षभर जवळपास एकसारखे असते. थंड पाण्यात प्राणवायूही अधिक विरघळतो. त्यांच्या वाढीचा वेग मात्र फार मंद असतो, आणि आपल्याकडच्या सागरी अळ्या काही आठवड्यांत जो टप्पा गाठतात त्याला तिथे महिने लागतात.

हे प्राणी म्हणजे कोण, हे मुलाने नीट पाहावे. एक मिलिमीटरच्या चाळणीतून निसटणारे, पण त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या जाळीवर अडकणारे प्राणी अभ्यासक एका गटात धरतात. त्यांत संख्येने सर्वांत जास्त असतात सूत्रकृमी. खोल तळावरच्या चिखलात मोजलेल्या दहा सूक्ष्म प्राण्यांपैकी बहुधा आठ-नऊ तेच निघतात. त्यांच्यासोबत झिंग्यांच्या दूरच्या नात्यातले कोपेपॉड आणि क्वचित टार्डिग्रेड, म्हणजे आठ पायांची बारीक ‘जलअस्वले’, असतात. शिवाय किनोरिंक नावाचा एक विलक्षण प्राणी असतो. त्याच्या डोक्याभोवती काट्यांची वर्तुळे असतात. तो डोके बाहेर उलटवतो, काटे चिखलात रुतवतो आणि मागचे धड पुढे ओढतो, मग डोके पुन्हा आत घेतो. पोहणे त्याला येतच नाही, त्यामुळे असे एकेक कण ओलांडत जाण्यातच त्याचे आयुष्य जाते. याच चिखलात फोरामिनिफेराही असतात. ते एकपेशीय आहेत, म्हणून काटेकोरपणे त्यांना प्राणी म्हणता येत नाही. तरीही त्यांतील अस्ट्रामिना रारा ही जाती उल्लेखाशिवाय सोडवत नाही. मॅकमर्डोच्या पश्चिम किनाऱ्यावर एक्स्प्लोरर्स कोव्ह येथे सॅम्युअल बाउझर यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. ही एकच पेशी वाळूचे कण चिकटवून मिलिमीटरभराचे घर बांधते, त्यातून चिकट धाग्यांचे जाळे बाहेर पसरते, आणि त्यात सापडलेली बहुपेशीय प्राण्यांची पिल्ले खाते.

मुलाने आपला भर जिथे द्यावा असे मला वाटते, तो मुद्दा अन्नाचा आहे. थंडी सर्वत्र सारखीच असूनही बर्फाखालचा एक तळ जीवांनी गजबजलेला आणि दुसरा जवळजवळ ओसाड का असतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय विषय सुटत नाही. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मॅकमर्डो सामुद्रधुनीचेच आहे. ती सुमारे ५५ किलोमीटर रुंद आहे, दोन्ही काठांवर बर्फ आहे, पाण्याचे तापमान जवळपास तेच आहे. डेटन आणि जॉन ऑलिव्हर यांनी १९७७ मध्ये दोन्ही बाजूंच्या चिखलातील प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. पूर्व काठावरची दाटी जगातील जवळजवळ कोणत्याही समुद्रतळाहून अधिक निघाली, तर पश्चिम काठावरची संख्या खोल महासागराच्या तळाइतकी विरळ होती. कारण प्रवाहांत आहे. पूर्वेकडे रॉस समुद्राच्या मोकळ्या भागातून येणारे, उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पतींनी भरलेले पाणी पोहोचते. पश्चिमेकडचे पाणी आइस शेल्फच्या खालून, अंधारातून प्रवास करून येते, आणि त्यात खाण्याजोगे फारसे उरलेले नसते. बाउझर यांचे फोरामिनिफेरा याच उपाशी काठावर भरपूर आढळतात, हे मला नेहमीच विचार करण्याजोगे वाटले आहे.

समुद्री बर्फाखाली अन्न वरूनही येते. बर्फाच्या खालच्या बाजूला डायटम नावाची एकपेशीय शैवाले वाढतात, आणि बर्फ वितळला की त्यांचा सडा तळावर पडतो. २०१२ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधील समुद्री बर्फ तोवरच्या नोंदीतील नीचांकाला पोहोचला. त्या वेळी आंत्ये बोएटियस यांच्या पथकाने पोलारस्टर्न या जहाजावरून कॅमेरे सोडले, तेव्हा चार हजार मीटरच्या आसपास खोलीवरही मेलोसिरा आर्क्टिका या डायटमच्या दोऱ्यांचे ढीग तळावर पडलेले दिसले, आणि समुद्रकाकड्या व भंगुरतारे (दोन्ही तारामाशांच्या नात्यातले प्राणी) त्यांवर चरत होते. जे उरते ते जीवाणू कुजवतात आणि त्या जीवाणूंवर सूत्रकृमी जगतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या तळातही असा साठा थंडीमुळे सावकाश कुजतो आणि हिवाळाभर पुरतो.

आइस शेल्फखाली वरून काहीच पडत नाही. तिथे जे येते ते प्रवाहाबरोबर आडवे वाहत येते. तरीही जीव आहेत. १९७७ मध्ये रॉस आइस शेल्फला, कडेपासून ४३० किलोमीटर आत, सुमारे ४२० मीटर जाडीतून भोक पाडले गेले, आणि खाली कवचधारी प्राणी व मासे दिसले. २०१८ मध्ये अंटार्क्टिकाच्याच एकस्ट्रोम आइस शेल्फखाली गरम पाण्याने पाडलेल्या भोकांतून तळाचे नमुने वर आले. त्यांत ७७ जाती निघाल्या. त्यांतील बऱ्याच ब्रायोझोआ होत्या, म्हणजे एक मिलिमीटरहून लहान जीवांच्या वसाहती. त्यांच्या अवशेषांच्या रेडिओकार्बन कालमापनावरून तिथे सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीही जीवसृष्टी होती असे दिसते. ही भोके कडेपासून काही किलोमीटरच आत होती, त्यामुळे अन्न पोहोचणे सोपे होते, हेही सांगितले पाहिजे. वर ज्या सदस्यांनी जीवाणूंचे विधान केले, त्यांनी हे निष्कर्ष अवश्य वाचावेत.

तिसऱ्या प्रश्नाला ‘भले’ किंवा ‘वाईट’ असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरचे लार्सेन ए हे आइस शेल्फ १९९५ मध्ये आणि लार्सेन बी चा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग २००२ मध्ये फुटला. उजेड आला, पाण्यात वनस्पती वाढल्या, तळावर अन्न पडू लागले. लार्सेन ए च्या तळावर २००७ ते २०११ या चारच वर्षांत काचस्पंजांची (काचेसारख्या सिलिकाचा सांगाडा असलेल्या स्पंजांची) संख्या तिप्पट आणि त्यांचे एकूण वस्तुमान दुप्पट झाले. इतक्या मंद वाढणाऱ्या प्राण्यांकडून ही अपेक्षा कोणी केली नव्हती. परंतु जे जीव कमी अन्नावर जगण्यात तरबेज होते, त्यांची जागा भराभर वाढणारे घेतात. शिवाय किनाऱ्याजवळचा समुद्री बर्फ कमी झाला की हिमनग मोकळे फिरू लागतात आणि उथळ तळ नांगरून काढतात. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या रोथेरा केंद्राजवळ ही गोष्ट वर्षानुवर्षे मोजली गेली आहे. माझ्या मते अन्न वाढणे आणि जुनी वस्ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाने त्या तक्त्यावर वेगळ्याच मांडाव्यात.

आता प्रत्यक्ष प्रयोग. एका भांड्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी फ्रीजरमध्ये ठेवून, बर्फ धरू लागताच दोन्हींचे तापमान नोंदवावे. उणे अंश दाखवणारा थर्मामीटर लागेल. दुसरे असे की हेच प्राणिगट पाहायला ध्रुवावर जावे लागत नाही. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला आपल्याकडची बरीच कुटुंबे जातात. तिथल्या चिखलात सूत्रकृमी आणि कोपेपॉड नक्की मिळतील. ओहोटीच्या वेळी काठावरूनच, वरचा दोन बोटे थर चमच्याने घ्यावा. खंबातच्या आखातात भरती फार वेगाने चढते आणि चिखल पाय धरून ठेवतो, म्हणून मुलाला आत उतरू देऊ नये आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाणाचे दिवस टाळावेत. तिथलेच पाणी बाटलीत भरून आणावे. नळाचे पाणी वापरल्यास हे प्राणी पाणी शोषून फुगतात आणि मरतात, कारण वर थंडीच्या परिच्छेदात आले तसे त्यांच्या शरीरातील द्रव समुद्राइतकाच खारट असतो. चिखल त्या पाण्यात ढवळून आधी चहाच्या गाळणीतून आणि मग स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे मिळणाऱ्या बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळावा. जाळीवर उरलेला गाळ थेंबभर पाण्यात घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चाळीसपटीने पाहावा. कणांमध्ये चाबकासारखे तडफडणारे पारदर्शक धागे दिसले तर ते सूत्रकृमी. नमुना त्याच दिवशी पाहणे उत्तम. नाहीच जमले, तर झाकण सैल ठेवून सावलीत ठेवावा. छायाचित्रे इथे टाकल्यास गट ओळखायला मी मदत करीन. फक्त प्रत्येक छायाचित्रासोबत भिंगाची शक्ती लिहावी.