गेटमनला शिव्या देण्याआधी

मागच्या अंकात रेल्वे फाटकावर दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रं, मेसेज यांचा नुसता ढीग पडला. बहुतेक सगळे चिडलेले. सोलापुरात राहायचं आणि फाटकावर चिडायचं नाही म्हणजे कठीणच आहे म्हणा. मी तीसेक वर्षं सिग्नल खात्यात घालवली, त्यामुळं संपादकांनी हा सगळा गठ्ठा माझ्याच गळ्यात टाकलाय. जमेल तशी उत्तरं देतो, सगळ्यांची नाही देता आली तर राग मानू नका.

प्रश्न : आमचं गाव मोहोळच्या अलीकडं. शेतात जायला रोज फाटक ओलांडावं लागतं. गाडीचा पत्ता नसतो, लांबपर्यंत रूळ मोकळा दिसतो आणि तरी गेट बंद. दहा-दहा मिनिटं उन्हात उभं राहायचं. गेटमनला म्हटलं जरा उघड की, दोन मिनिटांत जातो, तर तो मान पण वर करत नाही. एवढा माज कशाचा?

दादा, माज नाही हो, त्याच्या हातातच नसतं ते. हे एकदा नीट समजून घ्या, मग राग निम्मा होतो.

इंटरलॉक गेट म्हणतात त्याला. होतं काय, स्टेशनवरून फोन आला की गेटमन हँडल फिरवतो, घंटी वाजत वाजत दांडा खाली येतो, मग कुलूप लागतं आणि कुलूप लागल्यावरच त्यातली चावी निघते. ती चावी घेऊन तो गुमटीत, म्हणजे फाटकाशेजारच्या त्याच्या खोलीत जातो, एका बॉक्समध्ये घालून फिरवतो आणि तेव्हा कुठं गाडीला सिग्नल देता येतो. सिग्नल दिला की चावी आत अडकली. ओढा, हिसडा द्या, काय वाट्टेल ते करा, निघत नाही. गाडी जाईपर्यंत गेट उघडणार नाही. अगदीच काही गंभीर झालं तर सिग्नल परत लाल करता येतो, पण तरीही चावी लगेच सुटत नाही, टायमर संपेपर्यंत थांबावं लागतं, कारण तेवढ्यात ड्रायव्हरनं हिरवा बघून पुढं घेतलेली असू शकते. आता बऱ्याच ठिकाणी हँडल जाऊन बटणावरचे इलेक्ट्रिक बॅरियर आलेत, पण आतलं तत्त्व तेच, आधी गेट मग सिग्नल.

आता गाडी दिसत नाही तरी बंद का? कारण ड्रायव्हरला सिग्नल गेटजवळ आल्यावर दिसून उपयोग नाही. गेटच्या सिग्नलच्या एक किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल असतो, फास्ट गाड्यांच्या लाईनवर त्याच्याही आधी आणखी एक, म्हणजे दोन किलोमीटरवर. तिथंच त्याला कळलं पाहिजे की पुढं रस्ता मोकळा आहे, नाहीतर तो ब्रेक लावायला लागतो. ताशी ११० नं येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर जाते, ती काय आपल्या स्कूटीसारखी जागेवर उभी राहणार आहे का. म्हणून गाडी तुमच्या नजरेच्या पलीकडं असतानाच गेट लावावं लागतं, आणि एक गेली की मागून दुसरी येत असेल तर दोन गाड्यांच्या मध्ये उघडायला वेळच मिळत नाही.

ड्युटीवर असताना एका गेटवर मी उभा होतो, उन्हाळ्याचे दिवस, एक माणूस येऊन गेटमनच्या खांद्याला धरून हलवायला लागला, आई दवाखान्यात आहे म्हणून. खरंच असणार, त्याच्या डोळ्यात पाणी होतं. गेटमननं काही न बोलता त्याला गुमटीत नेलं आणि चावीचा बॉक्स दाखवला, म्हणाला तूच काढ. त्यानं दोन वेळा जोर लावला, मग गप बाहेर येऊन बसला. गाडी गेली, गेट उघडलं, तो गेला. मला त्या गेटमनचं आजही कौतुक वाटतं, मी असतो तर भांडलो असतो.

हां, पण सगळी गेटं अशी नाहीत. काही अजून नॉन-इंटरलॉक आहेत, तिथं स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, म्हणजे गेट लावलं याची खूण म्हणून एक नंबर सांगायचा आणि दोघांनी वहीत लिहायचा. सगळा भरवसा माणसावर. तिथं तुम्ही गेटमनवर दबाव आणला, ओळख दाखवली, पुढाऱ्याला फोन लावून दिला तर तो चुकू शकतो, आणि तो चुकला तर त्याला अडवायला कुठलंही यंत्र मध्ये नाही. भांडायचंच असेल तर आमचं गेट इंटरलॉक करा म्हणून भांडा, त्यात अर्थ आहे.

प्रश्न : माझे मिस्टर रोज गेटखालून गाडी वाकवून काढतात. मी मागं बसलेली असते. सांगितलं तर म्हणतात, एक गाडी गेली की झालं, मला कळतंय. त्यांना तुम्ही लिहा. (जुळे सोलापूरहून)

ताई, अंक त्यांच्यासमोर उघडून ठेवा, हे पान वर येईल असा.

साहेब, एक गाडी गेली की झालं हे सिंगल लाईनच्या दिवसातलं गणित आहे. आता लाईन डबल झाली. समोरून मालगाडी जाते, तिचे पन्नासएक डबे खडखडत जातात, तुम्ही शेवटचा डबा बघता आणि गाडी पुढं घेता, आणि पलीकडच्या लाईनवर दुसरी येत असते जी या मालगाडीच्या आड तुम्हाला दिसलीच नाही आणि हिच्या आवाजात तिचा आवाज पण आला नाही. शिवाय आता विजेवरची इंजिनं, जुन्या डिझेलसारखी लांबून धडधडत येत नाहीत. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, ती कधी आली न कधी गेली हे प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला कळत नाही तर हेल्मेट घालून वाकलेल्या माणसाला काय कळणार.

दुसरं म्हणजे लांबून सरळ समोर येणाऱ्या मोठ्या वस्तूचा वेग डोळ्याला कमीच वाटतो. गाडी लांब आहे, हळू आहे असं वाटतं आणि ती असते अगदी जवळ.

आणि कायदा. रेल्वे कायदा १९८९, कलम १६०. बंद गेट स्वतः उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, मोडलं तर पाच वर्षांपर्यंत. खालून वाकून रुळात शिरलं तर कलम १४७ आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला स्वतःला कायद्याची भीती घालायला आवडत नाही, पण ताईंनी एवढं जीव तोडून लिहिलंय म्हणून सांगितलं. मागं बसलेल्या माणसाला पळायला सेकंदभर उशीर होतो साहेब, हे पण बघा.

प्रश्न : ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे, डबल ट्रॉली. सीझनमध्ये दिवसाला दोन खेपा. फाटकाच्या चढावर ट्रॅक्टर लोड घेत नाही, पुढची चाकं उचलतात. रुळावरच बंद पडला तर काय करायचं? आणि त्या वरच्या लोखंडी कमानीला ऊस घासतो, ती जरा उंच करायला काय होतंय?

कमानीचं आधी सांगतो. ती हाइट गेज. जमिनीपासून ४.६७ मीटर, म्हणजे साधारण सव्वापंधरा फूट. तिच्या पुढं रुळावर जी तार आहे तिच्यात २५,००० व्होल्ट आहेत. पंचवीस हजार. तुमच्या शेतातल्या मोटरीला चारशे-सव्वाचारशे असतात. ही तार गेटवर किमान साडेपाच मीटर उंचीवर ठेवतात, मधलं अंतर तुमच्या जिवासाठी राखून ठेवलेलं आहे, कारण या विजेला तारेला हात लागायची पण गरज नसते, जवळ गेलं तरी उडी मारते. ओला ऊस, वर वाढं बांधलेलं, आणि त्याच्यावर टोळीतली दोन पोरं बसलेली, हे चित्र मी इतक्या वेळा बघितलंय की सांगता सोय नाही. कमानीला ऊस घासतोय म्हणजे कमान बुटकी नाही, ट्रॉली जास्त भरलीय. मुकादमाला सांगा, दोन मोळ्या कमी. आणि वर बसलेल्यांना फाटकाच्या अलीकडं खाली उतरवा, त्यांनी चालत पलीकडं जावं, परत चढावं. त्याला दोन मिनिटं लागतात.

आता बंद पडण्याचं. पहिली गोष्ट, रस्त्यावरचं तुमच्या पुढचं वाहन पूर्ण पलीकडं गेल्याशिवाय तुम्ही रुळावर चढायचं नाही. निम्म्या वेळा ट्रॅक्टर बंद पडत नाहीच, पुढं कुणीतरी थांबलेलं असतं आणि मागची ट्रॉली रुळावर राहते. दुसरी, लो गिअर अलीकडंच टाकायचा, रुळावर गिअर बदलायचा नाही.

तरीही अडकलाच तर आधी माणसं उतरवा. सगळी. मग कुणीतरी पळत गेटमनकडं जा, ट्रॅक्टरला धक्का मारत बसू नका. गेटमन आधी सिग्नल लाल ठेवणार, स्टेशनला फोन करणार, मग लाल झेंडा घेऊन (रात्री लाल बत्ती) रुळानं गाडीच्या दिशेनं पळणार. त्याच्याकडं डेटोनेटर असतात, रुळावर ठेवायचे फटाके. गेटपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतरानं. इंजिनाचं चाक त्यावर गेलं की फाट्कन आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. आता विचार करा, एक माणूस, १२०० मीटर, खडीवरून पळतोय. म्हणून त्याला पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे, तुमचं दहा मिनिटं प्रयत्न करून झाल्यावर नाही. गेटमन सापडला नाही तर गुमटीवर गेटचा नंबर लिहिलेला असतो, तो वाचून १३९ ला फोन लावा आणि गेट नंबर आणि दोन्ही बाजूची स्टेशनं सांगा. माझ्या गावाजवळचं फाटक असं सांगून उपयोग नाही, फोन घेणाऱ्याला तुमचं गाव माहीत नसतं.

ट्रॅक्टर हप्त्यावर आहे म्हणून तो सोडवत नाही हे मला माहितीय. पण गाडी दिसायला लागली की सोडायचा, आणि पळायचं ते गाडीच्या दिशेला, पण रुळापासून बाजूला तिरकं. उलट्या दिशेला पळालात तर धडकेनंतर लोखंड, ऊस सगळं तुमच्याच अंगावर येतं.

प्रश्न : मुलगी दुसरीत, स्कूल व्हॅन फाटकावरून जाते. धास्ती वाटते. व्हॅनवाल्या काकांना काय विचारावं?

धास्ती वाटणं बरोबरच आहे. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला स्कूल व्हॅन रेल्वेखाली गेली, १३ मुलं गेली. ते बिनगेटमनचं फाटक होतं. त्यानंतर कामाला वेग आला आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी बिनमाणसाची फाटकं बंद झाली किंवा त्यांच्यावर माणूस तरी आला. ही मोठीच गोष्ट झाली. पण ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ परत स्कूल व्हॅनच, तीन विद्यार्थी गेले, आणि तिथं गेटमन होता, फक्त गेट इंटरलॉक नव्हतं. त्यानंतर रेल्वेमंत्र्यांनी गेटवर सीसीटीव्ही आणि गेटमन-स्टेशन यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तपासायचे आदेश दिले.

काकांना तीनच गोष्टी विचारा. गेट उघडं असलं तरी थांबून दोन्हीकडं बघता का? फाटकाजवळ गाणी बंद आणि काच खाली करता का? आणि मुलांना शाळेला उशीर झाला तर तुम्हाला कोण बोलतं? हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण बोलणारे आपणच असतो. पालकांच्या ग्रुपवर एकदा टाकून द्या की फाटकामुळं उशीर झाला तर कुणी काकांना फोन करायचा नाही.

प्रश्न : आमचं फाटक काढून खालून बोगदा केला. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. फाटकच परत द्या म्हणून अर्ज केला तर चालेल का?

अर्ज करा, पण फाटक परत मागू नका, ते मिळणार नाही आणि मिळू पण नये. २०१२ साली आपल्या अनिल काकोडकरांच्या समितीनं सगळीच फाटकं, माणूस असलेली पण, पाच वर्षांत काढा म्हणून सांगितलं होतं. मुदत कधीच उलटली, दिशा बरोबर आहे. तुम्ही मागा ते पंप, पाणी काढायची गटार, वर पत्र्याचं शेड आणि पाण्याची पातळी दाखवणारे पट्टे. ग्रामपंचायतीचा ठराव आणि पाण्याचे तारखेसकट फोटो, एक प्रत डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) ऑफिसला, एक कलेक्टर ऑफिसला. नुसता एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो.

उड्डाणपूल पाहिजे असेल तर टीव्हीयू हा शब्द लक्षात ठेवा. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. चाळीस रेल्वे आणि अडीच हजार वाहनं म्हणजे झाले एक लाख, आणि लाखाच्या वर गेलं की रेल्वे आणि राज्य सरकारनं खर्च वाटून पूल बांधायच्या यादीत यायची शक्यता. रिक्षा अर्धी धरतात, बैलगाडी मात्र पूर्ण एक, हे ऐकून आमच्या ऑफिसात नेहमी हसायचे. मोजणी कधी आहे ते विचारून घ्या आणि ती ऊस सीझनमध्ये व्हावी असा आग्रह धरा, मे महिन्यात मोजली तर रस्ता रिकामाच दिसणार.

प्रश्न : रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर सी/फा लिहिलेलं असतं. ते काय? (इयत्ता सातवी, बाळे)

सीटी, फाटक. हिंदीतलं आहे. पुढं फाटक आहे, शिट्टी वाज, असं ड्रायव्हरला सांगणारी पाटी, साधारण ६०० मीटर आधी असते. ११० च्या वेगात तिथून फाटकापर्यंत यायला गाडीला वीस सेकंद लागतात. उद्या घरात बसून शिट्टी ऐकू आली की मोजायला लाग, वीसच्या आत गाडी गेली की नाही ते मला कळव.