वाचक विचारतात : लाँचमध्ये किती माणसे घ्यायची, हे ठरवते कोण?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : सुटीत आम्ही सहकुटुंब गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला लाँचने गेलो होतो. बसायला जागा उरली नव्हती, तरी माणसे चढतच होती. लाइफ जॅकेटे छताखालच्या फळीला सुतळीने बांधून ठेवलेली होती. मागितली तेव्हा "लागली तर काढू" असे उत्तर मिळाले. लाँचमध्ये किती माणसे घ्यायची हे कोण ठरवते आणि ते पाळले जाते की नाही, हे कोणी पाहायचे?

उत्तर : हा आकडा लाँचचा मालक ठरवत नाही आणि लाँच चालवणारा तांडेलही ठरवत नाही. राज्यातील लहान बंदरे आणि त्यांमधील प्रवासी वाहतूक यांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. लाँचची बांधणी, लांबी-रुंदी, इंजिन, पाणी उपसण्याचा पंप, आग विझवण्याची साधने आणि जीवरक्षक साहित्य यांची सर्वेक्षकाने पाहणी केल्यावरच ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यात प्रवासी किती व खलाशी किती हे वेगवेगळे लिहिलेले असते. म्हणजे तुम्ही तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी हा निर्णय जमिनीवर बसून झालेला असतो.

या आकड्याचा संबंध बाकांवरच्या जागेशी थोडा आणि लाँचच्या तोलाशी अधिक आहे. गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली वळणावर का कलंडते, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही : भार जितका वर चढतो, तितका तोल नाजूक होतो. लाँचच्या वरच्या मजल्यावर गर्दी झाली की तेच घडते. त्यात भर म्हणजे ट्रॉलीतला ऊस जागचा हलत नाही, माणसे मात्र हलतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली, तेव्हा लाट आदळताच प्रवासी एका बाजूला धावले आणि तोल पुरताच गेला. त्या दिवशी सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

अलीकडचे उदाहरण तुमच्याच मार्गावरचे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून 'नीलकमल' या लाँचवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. टक्कर काही गर्दीमुळे झाली नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. परंतु लाँचवर परवानगीपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. बोटीत पाणी शिरू लागल्यावर सुतळीची गाठ सोडायला कोणाला सवड मिळते? त्या दुर्घटनेनंतर जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले, त्यामुळे तुम्हाला मिळालेले उत्तर आज नियमातही बसत नाही.

पाहायचे कोणी, तर मुख्यतः जेटीवरच्या बंदर कर्मचाऱ्यांनी. एकदा दोर सुटला की पुढे माणसे मोजणारा कोणी नसतो. म्हणून तक्रार करायची ती लाँच सुटण्यापूर्वी, लाँचवर लिहिलेली प्रवासी संख्या आणि नोंदणी क्रमांक टिपून घेऊन, बंदर निरीक्षकाच्या कार्यालयातच करावी. प्रत्यक्ष संकटात समुद्रावरून मदत हवी असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

प्रश्न (इचलकरंजी) : समुद्रात ना रस्ता, ना सिग्नल. मग जहाजे एकमेकांवर आदळत कशी नाहीत? विमानांना जसे खालून सांगतात, तसे त्यांना कोणी सांगते का?

उत्तर : रस्ता दिसत नसला तरी नियम आहेत आणि ते जगभर एकच आहेत. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. आपण रस्त्यावर डावी बाजू धरतो. समुद्रात मात्र यंत्रावर चालणारी दोन जहाजे समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचे असते. दोघांचे मार्ग आडवे छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने वाट सोडायची. रात्री हे ओळखायचे दिव्यांवरून : जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले, तर ते जहाज थेट आपल्यावर चालून येत आहे असे समजावे. भोंग्याचीही भाषा ठरलेली आहे. एक छोटा भोंगा म्हणजे "मी उजवीकडे वळतो आहे", आणि लागोपाठ पाच किंवा अधिक म्हणजे "तुमचे काय चालले आहे ते मला कळत नाही". आपल्या स्टँडवरचे वडापवाले हॉर्नचा इतका नेमका अर्थ लावत असतील, असे वाटत नाही.

गर्दीच्या बंदरांजवळ व्हेसल ट्रॅफिक सर्व्हिस नावाचे नियंत्रण कक्ष असतात. रडारवर दिसणारे ठिपके, जहाजांनी स्वतः प्रसारित केलेली ओळख, दिशा व वेग, आणि व्हीएचएफ रेडिओवरील संभाषण या आधारे तेथील कर्मचारी जहाजांना माहिती, सल्ला आणि प्रसंगी सूचना देतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० सकल टन व त्यावरील जहाजांना अशी ओळख प्रसारित करणारे उपकरण बसवावेच लागते. तथापि विमानतळाशी केलेली तुलना पूर्ण लागू पडत नाही, कारण कक्षातून काहीही सांगितले तरी जहाज कसे चालवायचे याची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते. बंदराचा पायलट जहाजावर चढून वाट दाखवत असला तरीही ती कप्तानावरून उतरत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे आदळली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ही टक्कर भर दिवसा झाली होती.

प्रश्न (शिरोळ) : नृसिंहवाडीच्या घाटावरची नाव, पुरात माणसे काढायला वापरतात ती बोट, यांनाही असे नियम आहेत का? की नियम फक्त समुद्राला?

उत्तर : नद्यांसाठी वेगळा कायदा आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यानुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा आवश्यक आहे, ती चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते, आणि एका राज्यातील नोंदणी देशभर चालते. वल्ह्याने किंवा बांबूने चालवायच्या नावेचे नियमन राज्य शासनाकडे आहे आणि शासन ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकते. तेव्हा घाटावरच्या नावेबाबत विचारणा करायची झाल्यास ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासूनच सुरू करावी.

पुरातली बोट हा सर्वांत अवघड प्रकार आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की मिळेल ते साधन बाहेर निघते, गुऱ्हाळाची काहीलसुद्धा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेक जण बुडाले, त्या बोटीतही क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. त्या गर्दीत "आता तुम्ही थांबा" असे शेजाऱ्याला सांगणे कोणालाही जड जाते. म्हणून गावाकडे बोट असेल, तर मे महिन्यातच ती कोरड्या जागी तपासून घ्यावी, प्रवासी संख्या दोन्ही अंगांना रंगाने ठळक लिहावी आणि तितकी जॅकेटे बोटीतच ठेवावीत. काहिलीबाबत मात्र असा आकडा देता येत नाही. ती रस उकळण्यासाठी बनवलेली असते आणि तिच्यात किती माणसे तरतील हे कोणी मोजलेले नसते.