नागपूरचा कूलर ठाण्यात गार का करत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपुरात डेझर्ट कूलर भर मे महिन्यात खोली गार करतो, तोच कूलर ठाण्यात आणला की नुसती चिकचिक होते, असं का? आणि पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होते तरी कशी?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने हलत नाहीत. काही मंद असतात, काही फार वेगवान. पृष्ठभागाजवळचे वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. हे कुठल्याही तापमानाला चालू असतं, त्यासाठी १०० अंश लागत नाहीत. जास्त ऊर्जेचे रेणू गेल्यामुळे मागे राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते आणि पाणी गार होतं. मग ते आसपासच्या हवेतून उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी असं उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. कूलरचं सगळं सामर्थ्य या एका आकड्यात आहे.

पण हवेतली वाफसुद्धा सतत पाण्यात परतत असते. हवा जितकी दमट, तितकी परतफेड जास्त आणि पाणी उडणं कमी. त्यामुळे बाष्पीभवनाने हवा किती गार होईल याला एक तळ असतो. त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. कूलर कितीही महाग असला तरी त्याची हवा या तळाखाली जात नाही.

आता आकडे बघा. नागपुरात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा तळ साधारण २३ अंशांवर येतो. म्हणजे २१ अंशांची जागा आहे. चांगल्या भिजलेल्या ताट्यांचा (बाजूंना लावलेल्या गवताच्या पडद्यांचा) कूलर त्यातला ७० ते ८० टक्के पल्ला गाठतो, म्हणून बाहेर पडणारी हवा २८ अंशांच्या आसपास असते. ठाण्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तळच २८.५ अंशांवर असतो. कूलर जोर लावून हवा ३० अंशांवर आणेल, पण तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात नेईल. आपलं शरीरही घाम उडवूनच गार होतं. त्या दमट हवेत घाम नीट उडत नाही, म्हणून चिकचिक. तिथे साधा पंखा बरा.

विकत घेण्याआधी घरीच तपासा. हवेचं तापमान मोजणारे दोन साधे थर्मामीटर घ्या, तापाचे नव्हेत. एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. फरक दहा अंशांहून जास्त असेल तर कूलर घ्या. पाचाहून कमी असेल तर पैसे वाया घालवू नका. नागपूरलासुद्धा पाऊस सुरू झाला की हा फरक कोसळतो. तेव्हा पंप बंद करून कूलर नुसता पंखा म्हणून चालवायचा.

टाकीत बर्फ टाकण्याची सवय सर्रास दिसते. तिचा हिशोब बघा. तासाला २००० घनमीटर हवा १६ अंशांनी गार करायला साधारण १५ लिटर पाणी उडावं लागतं. पाच किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता शोषतो, तेवढं काम हा कूलर तीन-चार मिनिटांत करतो. टाकीतलं पाणी फिरून फिरून तसंही ओल्या फडक्याच्या तापमानाकडे येतं. बर्फाऐवजी समोरची खिडकी किंवा दार उघडा. कूलर खिडकीबाहेर आणि खोलीला हवा जायला वाट, ही मांडणी हवीच. बंद खोलीत तो स्वतःच सोडलेली ओली हवा पुन्हा ओढतो आणि अर्ध्या तासात नागपूरचं ठाणे होतं.

गार हवेतच मधूनमधून गरम झळ येत असेल, तर ताटीचा एखादा पट्टा कोरडा आहे. वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजतात, ती तारेने मोकळी करा. क्षार येतात कुठून? उडतं ते फक्त पाणी, त्यातलं मीठ मागे राहतं. मिठागरात जे मुद्दाम करतात तेच इथे आपोआप होतं. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि दिवसाला १५० लिटर पाणी उडत असेल, तर रोज १२० ग्रॅम क्षार टाकीत आणि ताट्यांवर साचतात. म्हणून पाणी नुसतं भरत राहू नका, दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी ठेवा, कारण डेंग्यूचा डास टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती नुसत्या पाणी बदलण्याने जात नाहीत. कुबट वास येत असेल तर बंद करण्याआधी पंप थांबवून पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, ताट्या सुकतात. आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच असला पाहिजे. लोखंडी कूलर, ओले हात आणि नादुरुस्त अर्थिंग यांनी दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच लावून घ्या, त्यात कंजुषी नको.

माठाचं गणितही हेच. पाणी भिंतीतून पाझरतं आणि बाहेरून उडतं. म्हणून ऑइलपेंट मारलेला किंवा कपाटात ठेवलेला माठ गार करत नाही. जुन्या माठाची छिद्रं क्षाराने बुजली असतील तर काथ्याने घासा, साबण लावू नका, तो भिंतीत मुरतो. पावसाळ्यात कपडे वाळवतानाही उष्णतेपेक्षा वारा आणि दोन कपड्यांमधली मोकळी जागा जास्त उपयोगी.

शेतकऱ्यांसाठी याच तत्त्वावर शून्य ऊर्जा शीतकक्ष आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, फटीत नदीची वाळू, वर वाळ्याचं किंवा गोणपाटाचं झाकण. वाळू आणि झाकण सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी, झाडाखाली पण चारी बाजूंनी मोकळी. पालेभाजी, टोमॅटो, संत्री या कक्षात चांगली टिकतात. कांदा-लसूण मात्र त्यात ठेवू नका, दमट हवेत त्यांना कोंब फुटतात आणि ते सडतात.