वाचकांचे प्रश्न : डीव्हीडी, फोर-के आणि माळ्यावरच्या कॅसेट

प्रश्न : घरात दीडशेच्या आसपास डीव्हीडी आहेत. बहुतेक मराठी-हिंदी, थोड्या इंग्रजी. ४३ इंची फोर-के टीव्ही घेतल्यापासून त्या धुरकट दिसतात. फोर-के ब्लू-रे प्लेअर घेऊन चित्रपट नव्याने जमवावेत का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी टेप घेऊन सोफा ते टीव्ही हे अंतर मोजा. चांगल्या नजरेलाही ४३ इंची पडद्यावर फुल-एचडीचे ठिपके पावणेदोन मीटरपलीकडून सुटे दिसत नाहीत. ५५ इंचीला ही हद्द सुमारे २.२ मीटर. तुमचा सोफा आठ-नऊ फुटांवर असेल, तर साधा ब्लू-रे (तो फुल-एचडीच असतो) आणि चौपट ठिपक्यांचा फोर-के यांच्या रेखीवपणात फरक कळणार नाही. उरतो एचडीआरचा, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवणाऱ्या तंत्राचा फायदा. तो खरा आहे, पण स्वस्त टीव्हीचा उजेडच कमी पडतो आणि पैसे वाया जातात. आमचे मत : फोर-के प्लेअर नको.

धुरकटपणाचे कारण वेगळे आहे. डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे, फुल-एचडीच्या पाचव्या हिश्शाचे. टीव्ही तेच ताणून पडदाभर करतो. त्यात प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडला असेल तर चित्र आणखी बिघडते. एचडीएमआयवाला प्लेअर लावा, टीव्हीचा ‘शार्पनेस’ जवळपास शून्यावर आणा. एवढ्यानेही बराच फरक पडतो. ‘एकात तीन चित्रपट’वाल्या डीव्हीडींची मात्र आशा सोडा. साडेआठ जीबीत साडेसात तास कोंबले की सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट वाट्याला येतात, तेही आवाज धरून; डीव्हीडीत एकट्या चित्राला ९.८ पर्यंत मुभा असते. चौकोनी डाग डिस्कमध्येच आहेत, प्लेअर ते पुसणार कसे?

वारंवार पाहता ते पाच-दहा इंग्रजी चित्रपट साध्या ब्लू-रेवर घ्या. मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारच थोडे निघाले, तेव्हा त्या डीव्हीडी रद्दीत घालू नका. परदेशातून ब्लू-रे मागवताना रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते बघा : भारत ‘सी’मध्ये, ब्रिटन ‘बी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये. फोर-के डिस्कला रीजनचे बंधन नाही, पण त्याच डबीतल्या साध्या ब्लू-रेला असू शकते.

आणि एवढे सांगूनही फोर-के घेतलाच, तर एचडीएमआय केबल सेकंदाला १८ गिगाबिट वाहणारी घ्या. हलक्या केबलवर पडदा मधूनच दोन-तीन सेकंद काळा होतो आणि लोक प्लेअर दुरुस्तीला नेतात. शिवाय बऱ्याच टीव्हींत एचडीएमआय पोर्टची डीप कलर किंवा एन्हान्स्ड सेटिंग आधीपासून बंद असते. ती चालू केल्याशिवाय एचडीआर दिसत नाही.

प्रश्न : १९९३ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानदार ‘फोर-के करून देतो’ म्हणतात. द्यावी का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : कॅसेट द्या, फोर-केचे पैसे देऊ नका. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. मोठे केल्याने चेहरे मेणाचे दिसतात. ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांची, कॅसेटवर असते तशी) अशी डीव्ही या प्रकारातली फाइल मागा. तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह न्या, एक्सफॅट फॉरमॅट केलेला. फॅट-३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. टाइम बेस करेक्टर (टेपवरून येणारे डळमळते चित्र स्थिर करणारे उपकरण) आहे का, तेही विचारा. तो नसला की चित्राची वरची कड वाकते, थरथरते.

देण्याआधी कॅसेटच्या काचेतून टेपच्या गुंडाळीची कड पाहा. पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. खाडीकाठच्या दमट हवेत माळ्यावरच्या कॅसेटला ती धरतेच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका : टेप वाचणारे हेड भरते, टेप तुटू शकते आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. सफाई करणाऱ्याकडेच द्या. टेप स्वच्छ असेल तर आधी पाठीच्या कडेवरची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळा. पुढच्या लग्नसराईपर्यंत थांबू नका. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्येच थांबले, चालू मशीन दरवर्षी कमी होत आहेत.

प्रश्न : नाटकांच्या व्हीसीडी ब्लू-रे प्लेअरवर चालतील का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : अनेक प्लेअरवर नाही, घेण्याआधी माहितीपुस्तिकेत ‘व्हीसीडी’ शब्द शोधा. त्यापेक्षा संगणकात डिस्क घालून ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरातल्या डॅट फायली उतरवून घ्या, व्हीएलसीवर त्या चालतात. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. आणि छापील बाजू जपा : चित्र साठवणारा थर त्या रंगाच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा निघत नाही.