क्विल्टिंगचं महागडं सामान न घेता घरातलं काय काय चालतं?

तुमच्या यादीत बॅटिंग (क्विल्टच्या आतला भराव), चिकटवायचा स्प्रे, कापडावर आखायचा पेन, पारदर्शक पट्टी, फिरत्या पात्याचं कटर आणि शिवण इस्त्रीने बसवायची लोकरीची प्रेसिंग मॅट आहे. बेळगावजवळ खानापूरला राहून पहिलीच क्विल्ट शिवताय, म्हणजे वाकळ (कन्नड शेजारणी कौदी म्हणतात) तुम्ही पाहिलेली असणारच. तिला यातलं काहीच लागत नाही. तरी एकेकाचं लिहिते.

बॅटिंगच्या जागी जुनी सुती लुगडी. रुंदीला एक पन्हा, म्हणजे साधारण पावणेचार फूट, आणि लांबीला सात फूट अशी एकेरी वाकळ धरा. धुण्यात आटतं म्हणून तुकडे साडेसात फुटांचे घ्या. नऊवारीतून तीन निघतात, साडेपाच मीटरच्या सहावारीतून दोन. एकूण पाच थर झाले: एक खालचा, चार आतले. वर तुमचं ठिगळकाम. हाताने शिवायचं तर एवढं बस्स, सहावा थर घातलात की सुई बोटातून रक्त काढते. इरकल वापरणार असाल तर काठ आणि पदर आधी कापून बाजूला ठेवा. अंगाचं सूत आटतं, काठातलं आर्ट सिल्क आटत नाही, आणि पहिल्या धुण्यातच कडेला चुण्या पडतात. लाल रंग जातो का हेही बघायचं: ओलं पांढरं फडकं वर ठेवून गरम इस्त्री फिरवली की कळतं. सुती की पॉलिस्टर हे ठरत नसेल तर चार धागे जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टरची टणक गुठळी होते. पॉलिस्टर आत घालू नका, थर एकमेकांवरून घसरत राहतात.

चिकटवायच्या स्प्रेऐवजी मैद्याची खळ चालते. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, त्यात दीड वाटी उकळतं पाणी ओतून खळ काचेसारखी दिसेपर्यंत ढवळत शिजवायची आणि गाळून घ्यायची. ब्रशने पातळ हात मारा, वर कापड पसरा, इस्त्रीने वाळवा. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, पांघरुणात नको. आणि जून ते सप्टेंबर हा उद्योगच करू नका. तुमच्याकडच्या पावसात खळ वाळत नाही, बुरशी धरते, आणि वाळलीच तर झुरळं येतात.

म्हणून माझं मत कच्च्या टाक्याला, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवायचा आणि मागाहून उसवायचा टाका. खालचा थर उलटा पसरून कडा फरशीला चिकटपट्टीने धरा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलंत तर पट्टी काढल्यावर ते आखडतं आणि मागच्या बाजूला सुरकुत्या राहतात. बाकीचे थर घालून मधोमध सुरुवात करा, दोन-दोन इंचांचे टाके घालत चारी कडांकडे जा, दोन ओळींत मुठीएवढं अंतर ठेवा. कडेकडून आत आलात तर सगळा फुगवटा मध्यावर गोळा होतो. आता तुम्ही म्हणाल, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, कडेकडूनच शिवतात. बरोबर आहे, पण त्यांचा वरचा थर आधी जोडलेला नसतो. ठिगळं एकेक लावत, तिथल्या तिथे धावदोरा घालत त्या आत सरकतात, त्यामुळे फुगायला वर मोकळं कापडच नसतं. ती पद्धत घेतलीत तर कच्च्या टाक्याचं कामही वाचतं.

बेळगावात वडगाव-शहापूरच्या लूमवरचं उरलेलं सूत स्वस्तात मिळतं, पण ते फक्त कच्च्या टाक्याला वापरा. विणायच्या सुताला शिवायच्या दोऱ्याइतका पीळ नसतो, पक्क्या शिलाईत ते दोन धुण्यांत तुटतं. शिवायला चांगला सुती दोराच विकत घ्या, तो मेणावरून ओढून घ्या. मेणबत्तीपेक्षा मधाच्या पोळ्याचं मेण बरं. मेणबत्तीच्या खपल्या पडतात.

आखायला अंघोळीचा नको, कपड्याच्या टणक साबणाची वाळलेली चकती घ्या. अंघोळीच्या साबणातलं तेल इस्त्रीखाली डाग धरतं. लांब सरळ रेघ हवी तर सुतार मारतो तसं सूत मारायचं: दोरी खडूच्या पुडीत घोळवून दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची. फिक्या कापडावर हळद वापरायचा मोह होतो. साबण लागला की ती लाल होते आणि डाग तिथेच राहतो. तिथे बोथट सुईने रेघ ओढा, किंवा नखाने घडी मोडा.

कटर आणि त्याच्याखाली लागणारी कापायची चटई दोन्ही वाचवायची तर सुती कापड फाडा. काठाला अर्ध्या इंचाचा छेद देऊन झटक्यात ओढलं की पट्टी उभ्या-आडव्या धाग्यात बरोबर निघते. कडेचे दोन-चार धागे सुटतात, म्हणून प्रत्येक पट्टी पाव इंच जास्त धरा. विरलेल्या लुगड्याला हा प्रयोग नको, ते जिथे विरलंय तिकडे वाकडं फाटतं; तिथे कात्रीच.

ठिगळं आखायच्या साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म पुठ्ठ्यापेक्षा चांगली, वीस वेळा आखलं तरी कड झिजत नाही. मागे पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवा, साचा सरकत नाही. पारदर्शक पट्टी पाट्या बनवणाऱ्याकडून करून घ्या: तीन मिलिमीटर जाड अ‍ॅक्रिलिकचा दोन बाय चोवीस इंचांचा उरलेला तुकडा. घेताना दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर कोपरे काटकोनात नाहीत.

प्रेसिंग मॅट म्हणजे जाड लोकर. ती घोंगडी आपल्याकडे आहेच. चौघडी करून लाकडी फळीवर ठेवा, वर धुतलेलं सुती फडकं घाला. लोकर उष्णता धरते आणि खालूनही शिवण बसते. वाफेची इस्त्री मात्र जपून, ओल्या घोंगडीचा वास ठिगळांना लागतो. क्लिपांच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि सुई घट्ट ओढायला सायकलच्या ट्यूबची इंचभर कडी बोटात.

सुया, दोरा आणि फक्त कापडासाठीची एक कात्री, या तिघांवर पैसे घाला. कात्री कागदाला लागू देऊ नका.